सांगणे, नोंदणे आणि कळवणे

‘कळवणे’ हे ‘कळणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. ‘कळणे’ आपल्या हातात नसते. ते आपल्या बाबतीत घडते, आणि म्हणूनच मराठीत ‘मला कळले’ असे म्हणतात, ‘मी कळले’ असे म्हणत नाहीत. ‘कळवणे’ मात्र कर्तृत्वाची, म्हणून जबाबदारीची क्रिया आहे. ज्याला कळले त्याने ते कळवलेच पाहिजे काय, आणि कळवायचे तर कोणाला, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे. तो नीतीचा आहे, कायद्याचाही आहे. आणि गेल्या काही वर्षांच्या अध्यापन-मार्गदर्शनातून माझी अशी खात्री झाली आहे की, तो वाङ्मयीन संशोधनाच्या पद्धतीचाही आहे. संशोधनासाठी बोलते केलेल्या व्यक्तीने स्वतःवर झालेल्या वा दुसऱ्या कोणावर होत असलेल्या लैंगिक अत्याचाराची हकीकत सांगितली, तर संशोधकाने काय करावे? समाजशास्त्र आणि वैद्यक या शाखांत या प्रश्नाची चर्चा होते. मराठीच्या अभ्यासकांनी तो आपला मानलेला नाही. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार एका मर्यादित अनुभवाच्या आधारे करावयाचा आहे.

खानदेशात मौखिक वाङ्मयाच्या संकलनाला मोठी परंपरा आहे. बहिणाबाई चौधरींची कविता त्यांच्या मुखातून घरच्यांच्या वहीत उतरली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली नसती, तर ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला लाभला नसता. दुसऱ्याचे बोलणे विश्वासाने लिहून घेणे हे येथे एक प्रकारचे पुण्यकर्म मानले गेले आहे. १९९० साली जळगावला विद्यापीठ स्थापन झाल्यावर अहिराणी, लेवा गणबोली, भिलोरी, पावरी या बोलींतील गीते, कथा आणि जीवनकहाण्या गोळा करणाऱ्या प्रबंधांना साहजिकच चालना मिळाली. या सर्व कामामागे एक गृहीत आहे : सांगणाऱ्याला आपले सांगणे टिकावे असे वाटते, आणि ऐकणाऱ्याचे एकमेव कर्तव्य म्हणजे ते अचूक नोंदणे. हे गृहीत पुष्कळदा खरे असते. ज्या वेळी ते खरे नसते, त्या वेळेचा विचार मात्र आपल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत नसतो.

माझ्या मार्गदर्शनाखाली काम करणारी एक विद्यार्थिनी स्त्रियांची श्रमगीते गोळा करीत होती. (तालुका, नाती आणि गीतांचा प्रकार मी येथे मुद्दाम बदलून सांगते आहे, त्याचे कारण पुढे येईलच.) पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंकडे ती तीन वेळा गेली. तिसऱ्या खेपेस गाणे मध्येच थांबवून बाईंनी, आपण तेराचौदा वर्षांच्या असताना नात्यातल्या एका वडीलधाऱ्या पुरुषाने आपल्यावर काय केले, ते सांगितले. सूर नाही, यमक नाही, ‘बाई गं’ नाही. साध्या बोलण्यात सांगितले. मग म्हणाल्या, ‘हे तुझ्या मोबाइलात राहू देऊ नको, बेटा.’ विद्यार्थिनीने त्यांच्या देखत तेवढा भाग पुसून टाकला. ती उठण्याच्या बेतात असताना त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले : त्याच घरी आता शिक्षणासाठी एक लहान मुलगी येऊन राहिली आहे, आणि तिला पाहिले की पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीने मला विचारले, ‘मॅडम, हे आता त्यांचं आहे की माझं?’ हा प्रश्न मला अजूनही या विषयातला सर्वांत नेमका प्रश्न वाटतो.

वाङ्मयाचा अभ्यासक या प्रसंगाकडे कसा पाहील? जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, बोलणे म्हणजे केवळ वर्णन नव्हे तर एक कृती असते, असे दाखवून दिले. त्याच शब्दांनी वचन देता येते, इशारा देता येतो, तक्रार करता येते. ‘त्याने माझ्यावर अत्याचार केला’ हे वाक्य मैत्रिणीजवळ हितगुज असते, पोलीस ठाण्यात फिर्याद असते, न्यायालयात साक्ष असते आणि आत्मकथनात निवेदन असते. चारही ठिकाणी शब्द तेच, कृती मात्र चार. संशोधकाने ऐकलेले परस्पर पोलिसांकडे नेले, तर तो केवळ माहिती पोहोचवीत नाही. तो एका कृतीचे दुसरीत रूपांतर करतो, आणि तेही बोलणाऱ्याच्या संमतीवाचून. हितगुजाची फिर्याद करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला कोणी दिला, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आपल्या काव्यशास्त्राने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने अधिक खोलवर नेला आहे. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताचे मर्म असे की, काव्यातील भाव व्यक्तिसंबंधांतून सुटतो. तो माझा नसतो, परक्याचा नसतो, शत्रूचा वा मित्राचा नसतो; आणि म्हणूनच सहृदयाला तो आस्वादता येतो. स्त्रियांच्या गीतांत सासुरवासाचे, मारहाणीचे, अपमानाचे किती दुःख असते. पण ते ‘कोण्या एकीचे’ असते. रूढ संकेत हे त्या गाणारीचे संरक्षण असते. ती सर्वांसमोर सांगते आणि तरीही कोणाचे नाव घेत नाही. ऐकणाऱ्या साऱ्याजणी जाणतात आणि तरीही कोणाला काही ‘कळलेले’ नसते. कायद्याला नेमके याच्या उलट हवे असते : कोणाचे, कोणी, केव्हा, कोठे. कळवणे म्हणजे एका अर्थी साधारणीकरण मोडणे होय. सहृदयावर आस्वादापलीकडे कर्तव्य नसते, साक्षीदारावर असते. संकलक या दोघांच्या मध्ये उभा असतो, पण आपण त्याला आजवर केवळ सहृदयाचेच प्रशिक्षण देत आलो आहोत.

कायदा काय म्हणतो हे येथे स्पष्टपणे मांडले पाहिजे, कारण त्याविषयी विद्यापीठांत बरीच संदिग्धता आढळते. प्रौढ स्त्रीने स्वतःवरील लैंगिक अत्याचार सांगितला, तर ऐकणाऱ्या सामान्य नागरिकावर तो पोलिसांना कळवण्याचे सरसकट बंधन नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये कळवण्यास बंधनकारक असे काही गुन्हे दिलेले होते, त्यांत बलात्कार नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ ने तीच चौकट पुढे चालवली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनीही तक्रारीचा अधिकार मूलतः पीडित स्त्रीकडेच ठेवला आहे. ती शारीरिक वा मानसिक दृष्ट्या असमर्थ असेल तर तिच्या वतीने दुसऱ्याला पुढे होता येते. म्हणजे वसतिगृहातील मुलींच्या रोजनिश्यांवर काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला त्यांत कोणा अध्यापकाचे वर्तन वाचावयास मिळाले, तर ती माहिती तक्रार म्हणून समितीपुढे ठेवण्याचा निर्णय त्या मुलीचा असतो. तिला समितीचा मार्ग, तीन महिन्यांची मुदत आणि गोपनीयतेची हमी समजावून सांगणे एवढेच त्याच्या हाती उरते. हे ‘एवढेच’ कमी नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याने ही निवड काढून घेतली आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या कायद्याचे, म्हणजे ‘पॉक्सो’चे, कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्दप्रयोग करते. गुन्हा घडल्याचे माहीत असेल, किंवा तो घडण्याची भीती वाटत असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. संशोधक, अध्यापक, वैद्य, धर्मगुरू असा कोणताही अपवाद त्यात नाही. वकिलाला पक्षकाराचे बोलणे गुप्त ठेवण्याचा जो विशेषाधिकार पुराव्याच्या कायद्याने दिला आहे, तो संशोधकाला मिळालेला नाही. घडलेला गुन्हा न कळवल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये नमूद आहे.

हे बंधन कागदावरचे राहिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, या आरोपावरून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा कायम केला आणि न कळवणे ही किरकोळ बाब नसून गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणातही अत्याचार करणाऱ्याइतकीच चर्चा, वेळेवर न कळवणाऱ्या व्यवस्थापनाची झाली.

आमच्या पुढील प्रसंगाला हे कसे लागू होते? त्या बाईंच्या स्वतःच्या बाबतीतील कृत्य २०१२ पूर्वीचे, आणि सांगणारी आता प्रौढ. त्यांना हवे असेल तर बलात्काराच्या फिर्यादीला कालमर्यादेची आडकाठी नाही. नको असेल तर आमच्यावर कळवण्याचे बंधन नाही. मुलीच्या बाबतीत मात्र माहिती नव्हती. भीती होती, आणि तीही दुसरीची, आमच्यापर्यंत पोहोचलेली. कलम १९ भीतीलाही पुरेशी मानते. शिक्षेचे कलम २१ मात्र गुन्हा ‘घडल्याचे’ न कळवण्याविषयी बोलते. कर्तव्याची रेषा आणि शिक्षेची रेषा या दोहोंत अंतर आहे. या अंतरात उभे राहून ‘आपल्याला शिक्षा होणार नाही’ असे म्हणत गप्प बसणे शक्य होते. कायद्याच्या वाचनातून नीतीची सुटका करून घेण्याचा तो एक सुशिक्षित मार्ग ठरला असता.

तो मार्ग खानदेशात राहणाऱ्या कोणाला सहज पत्करता येऊ नये. जुलै १९९४ मध्ये जळगावचे लैंगिक शोषणाचे प्रकरण बाहेर आले, त्या वेळी मी धुळ्यात शाळेत होते, आणि घरी येणारे वर्तमानपत्र काही आठवडे आम्हा मुलींच्या हाती लागत नसे. शाळा-महाविद्यालयांतील मुलींना फसवून, छायाचित्रांच्या धाकाने त्यांचे शोषण होत होते, आणि त्यात गावातील प्रतिष्ठित व राजकीय वजन असलेल्या पुरुषांची नावे घेतली जात होती. अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर यांसारख्या पोलीस अधिकाऱ्यांनी तपास केला, विशेष न्यायालय स्थापन झाले. वृत्तपत्रांतून पीडितांची संख्या शेकड्यांत सांगितली जात होती. प्रत्यक्षात तक्रारीपर्यंत आलेल्या स्त्रिया फारच थोड्या होत्या, आणि बहुतेक आरोपी अखेर सुटले.

या प्रकरणाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. एक असा की, हे काही वर्षे चालले ते कोणालाच ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. कुणकुण होती. ‘कुणकुण’ हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे : कानावर आले, पण कळले असे कोणी मान्य केले नाही. गीतातील ‘कोणी एक’ गाणारीला वाचवते. गावातील कुणकुण मात्र गुन्हेगाराला वाचवते. दोन्हींत नाव नसते, म्हणून दोन्हींची गल्लत करून चालणार नाही. दुसरा अर्थ असा की, बोभाटा झाल्यावर ज्या मुलींचा या प्रकरणाशी काही संबंधही नव्हता, त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले; ‘जळगावची मुलगी’ या शब्दांना लग्नाच्या बोलण्यांत निराळा वास येऊ लागला. ज्यांनी पुढे यायचे, त्यांनी हे पाहिले आणि त्या आल्या नाहीत. तेव्हा न कळवण्याची किंमत जशी मुलींनी मोजली, तशी कळवण्याच्या रीतीची किंमतही मुलींनीच मोजली.

या दुसऱ्या अर्थाची आणखी एक साक्ष विदर्भाने दिली आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. विद्यापीठातील माणसांनी ‘कळवण्या’चे कर्तव्य कसे निभवावे, याचे ते आपल्याकडील सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणता येईल. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला; आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती तरतूद आहे. आणि तरीही जिच्यामुळे ही तरतूद आली, तिचे नाव मात्र सर्वतोमुखी राहिले. न्यायालयाच्या दप्तरी खटल्याला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आरोपीचे नाव आहे. लोकांच्या स्मरणात तो मुलीच्या नावाने आहे. न्यायासाठी केलेल्या कथनातही कथनविषय झालेल्या व्यक्तीवरचा तिचा स्वतःचा हक्क असा निसटत जातो. या लेखात मी तपशील बदलले आहेत ते यासाठी.

परदेशांत या पेचावर संस्थात्मक उत्तरे शोधली गेली आहेत. अमेरिकी विद्यापीठांत लैंगिक गैरवर्तन कानावर आल्यास अध्यापकाने ते विशिष्ट अधिकाऱ्याला कळवावे, असा दंडक बऱ्याच ठिकाणी आहे. त्यामुळे याच विषयावरील संशोधन अशक्य होईल हे लक्षात आल्यावर, नीतिसमितीने संमत केलेल्या अशा अभ्यासात मिळालेल्या माहितीला २०२४ च्या संघीय नियमांत सवलत देण्यात आली. ते नियम ९ जानेवारी २०२५ रोजी तेथील एका न्यायालयाने रद्द केले. याउलट, संशोधकाचे वचन किती तकलादू असते हे बोस्टन महाविद्यालयाच्या उत्तर आयर्लंडविषयक मुलाखतींनी दाखवले : मृत्यूपर्यंत गुप्त राहतील या भरवशावर दिलेल्या मुलाखती २०११ पासून पोलीस तपासासाठी न्यायालयामार्फत मागवल्या गेल्या. आपल्याकडे ‘सेहत’ या मुंबईच्या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वे तयार झाली. परंतु ती वैद्यक आणि समाजशास्त्र यांच्या दालनात राहिली. ओव्या गोळा करणाऱ्याला नीतिसमितीपुढे जावे लागेल, असे कोणाच्या मनात आले नाही. गाणे निरुपद्रवी असते, हा आपला समज त्यामागे असावा.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगते. विद्यार्थिनीसह मी त्या बाईंकडे गेले. तुमचे जे तुम्ही सांगितले ते तुमचेच आहे, ते कोठेही जाणार नाही, असे त्यांना सांगितले. मुलीविषयी मात्र गप्प राहण्याचे वचन आम्ही देऊ शकत नाही. ते देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि मागण्याचा तुम्हालाही नाही, हेही सांगितले. कोणाला, कोणत्या शब्दांत आणि केव्हा कळवायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुलीच्या आईला आपण स्वतः भेटू, असे म्हटले, आणि भेटल्याही. आम्ही पोलिसांच्या बाल पथकाला आमच्याजवळ होती तेवढीच माहिती दिली : भीती होती, तर भीतीच, तिचा आम्ही आरोप केला नाही. मुलगी आपल्या आईकडे परतली. त्यापुढचे या लेखात येणार नाही, कारण ते आता त्या मुलीचे आहे. बाईंनी विद्यार्थिनीला पुन्हा गाणी सांगितली नाहीत. आधी दिलेली गाणीही त्यांनी परत मागितली, आणि प्रबंधात ती नाहीत.

या निर्णयाचे समर्थन मी वाङ्मयीन परिभाषेत असे करीन. ज्या बाईंजवळ आयुष्यभर गीताचा आडोसा होता, त्यांनी तो त्या दिवशी स्वतःहून दूर केला. साधारणीकरण त्यांनीच मोडले. हा केवळ जुन्या दुःखाचा उद्रेक असता तर तो गाण्यातूनही झाला असता. आजवर बहुधा तसाच होत आला असेल. गद्यात येण्याला कारण घडले ते वर्तमानातले, त्या मुलीचे. म्हणजे त्यांचे बोलणे रूपाने हितगुज असले, तरी कृती म्हणून तो इशारा होता. इशाऱ्याचा केवळ आस्वाद घेणारा श्रोता चांगला श्रोता नव्हे. या युक्तिवादातील धोकाही मला दिसतो : दुसऱ्याच्या बोलण्याचा असा अर्थ लावणे आपल्या सोयीचे असते, आणि ‘तिला तेच हवे होते’ असे म्हणणाऱ्यांनी स्त्रियांचे फार नुकसान केले आहे. म्हणूनच अर्थनिर्णय बंद खोलीत करून चालत नाही. ज्याच्या बोलण्याचा अर्थ लावायचा त्याच्यासमोर तो मांडून दाखवावा लागतो. संहितेच्या अभ्यासात आपल्याला ही सोय नसते. माणसांच्या अभ्यासात ती असते, आणि असते म्हणून ती बंधनकारक होते.

आता आमच्याकडील संकलक पहिल्या भेटीतच, गाणे सुरू होण्यापूर्वी, तीन गोष्टी बोलीभाषेत सांगतात. तुम्ही सांगितलेले, तुम्हाला नको असेल तर कोठेही छापले जाणार नाही. तुम्हाला स्वतःसाठी मदत हवी असेल तर कोठे जायचे ते आम्ही सांगू. जायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. आणि एखाद्या लहान मुलाला कोणी त्रास देत आहे असे आम्हाला कळले, तर मात्र ते आम्हाला आमच्याजवळ ठेवता येणार नाही. हे तिसरे वाक्य ऐकून काही बायका गप्प होतात. त्या गप्प होण्यात काय बुडून जाते हे आम्हाला कधीच समजणार नाही. कदाचित ज्या मुलीसाठी हे वाक्य आहे तिचीच हकीकत त्यात बुडत असेल. पण आधी न सांगता मिळवलेला विश्वास हा अर्धवट माहितीवर घेतलेल्या सहीसारखा असतो. ज्याला बोलायचे आहे त्याला आपल्या बोलण्याचे पुढे काय होईल हे ठाऊक असले पाहिजे, एवढी किमान समता सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात असल्यावाचून मौखिक वाङ्मयाचा अभ्यास हा केवळ एका वर्गाने दुसऱ्याकडून उचललेला ऐवज राहील.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे होते : सांगितलेले सांगणाऱ्याचे असते, पण ‘कळलेले’ ऐकणाऱ्याचेही होते. ते वाटून घेता येत नाही, परत करता येत नाही आणि यंत्रातून पुसले तरी पुसले जात नाही. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत तिला एका परीक्षकांनी विचारले की, अमुक भागातील गीते इतकी कमी का. तिने उत्तर दिले, ‘ती मला मिळाली होती, पण ती माझी नव्हती.’ परीक्षकांनी पुढे काही विचारले नाही. संकलनाच्या शास्त्रात अशा रिकाम्या जागांनाही नोंदीचा दर्जा द्यावा लागेल, असे मला वाटते.